डाउन्टन ॲबी : खालच्या मजल्यावरची माणसंच जास्त लाडकी झाली

आधीच सांगते, खाली स्पॉयलर भरपूर आहेत. कोण जातं, कोण कुणाशी लग्न करतं हे सगळं लिहिणार आहे, त्यामुळे ज्यांना पहिल्यांदा बघायचीय त्यांनी आधी बघा आणि मग वाचायला या.

तर झालं असं की पावसाळ्याच्या तोंडावर सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आधी एक डोळा आणि महिन्याने दुसरा, आणि डॉक्टरांनी काही दिवस पुस्तक हातात घेऊ नका म्हणून सांगितलं. आता ज्या बाईने 33 वर्षं शाळेत इतिहास शिकवला तिला वाचू नका म्हटलं तर तिने करायचं काय, आणि रोजच्या सासूसुनेच्या मालिका त्यांना बघवत नाहीत. मग एक दिवस मी म्हटलं, आई, इंग्लंडमधली एक जुन्या काळातली सिरियल आहे, मोठं घर, नोकरचाकर, महायुद्ध वगैरे, बघू या का? मी स्वतः ती पूर्वी एकटीने भराभर बघून संपवली होती आणि आवडलीच होती, पण ह्यावेळी जी बघितली ती वेगळीच सिरियल वाटली मला. कारण आईंना इंग्रजी चांगलं येत असलं तरी यॉर्कशायरच्या स्वयंपाकघरातलं भराभर बोलणं कानाला पकडत नाही, आणि आम्ही ज्या ॲपवर बघत होतो तिथे मराठी सोडाच, हिंदी सबटायटल पण नव्हती. म्हणून दर पाच-दहा मिनिटांनी पॉज, मी सांगायचं काय झालं ते, त्यांनी दोन प्रश्न विचारायचे आणि मग पुढे. एकूण 52 भाग, 6 सिझन, रोज जेवणं झाल्यावर एक, कधी पाहुणे आले की सुट्टी, असं करत गणपतीच्या आसपास संपली. आणि दुसऱ्याला समजावून सांगायचं म्हटलं की आपल्याला नीट बघावं लागतं ना, तसं मी ह्यातली माणसं पहिल्यांदाच नीट बघितली.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ज्युलियन फेलोज यांनी लिहिलेली ही सिरियल इंग्लंडमध्ये 2010 ते 2015 दाखवली गेली. गोष्ट सुरू होते एप्रिल 1912 मध्ये, टायटॅनिक बुडाली त्याच्या दुसऱ्या दिवशी. यॉर्कशायरमधल्या डाउन्टन ॲबी ह्या प्रचंड घराचा मालक, अर्ल ऑफ ग्रँथम, त्याला तीन मुली आणि मुलगा नाही, आणि ज्या पुतण्याला सगळं मिळणार होतं तो त्याच बोटीवर गेला. इस्टेट अशी कायद्याने बांधलेली की मुलींना काहीच मिळणार नाही, सगळं जाणार मँचेस्टरमध्ये वकिली करणाऱ्या मॅथ्यू नावाच्या एका लांबच्या नातेवाइकाला ज्याला ह्यांनी कधी बघितलंही नाही. आईंचा पहिला प्रश्न, "अगं मग दत्तक का नाही घेत?" मी म्हटलं तशी सोय नाही त्यांच्यात. आणि दुसरा प्रश्न त्याहून भारी, "पण बायको अमेरिकेतून एवढा पैसा घेऊन आली म्हणतेस, ते तिचं स्त्रीधन कुठे गेलं?" तर तेच तर पहिल्या सिझनचं सगळं भांडण आहे, कोराच्या माहेरचा पैसा लग्नात ह्या इस्टेटीला असा जोडून टाकलाय की तो आता तिचा राहिलेलाच नाही. हे समजावताना मलाच पहिल्यांदा कळलं की थोरल्या मुलीचा, मेरीचा राग नुसता श्रीमंत मुलीचा नखरा नाही, आईचा पैसा आणि वडिलांचं घर दोन्ही डोळ्यांदेखत परक्याला जाताना तिला बघावं लागतंय.

अजून एक गोष्ट मला फार आवडते ती सांगून माणसांकडे वळते. बाहेरून दिसतं ते घर आणि वरचे दिवाणखाने हे हँपशायरमधल्या हायक्लेअर कॅसल ह्या खऱ्या वाड्यात शूट केलेत, तिथे आजही अर्ल ऑफ कार्नारव्हनचं घराणं आहे (ज्यांच्या पूर्वजाने तुतनखामेनच्या थडग्याचं उत्खनन करायला पैसा पुरवला तेच हे). पण खालचं स्वयंपाकघर, नोकरांचं जेवायचं टेबल, त्या भिंतीवरच्या घंटा, हे सगळं लंडनमधल्या ईलिंग स्टुडिओत उभारलेला सेट होता. म्हणजे एखादा फूटमन (जेवण वाढणारा नोकर) ट्रे घेऊन खालून निघतो तो ईलिंगमध्ये आणि दार ढकलून जेवणघरात येतो तो हायक्लेअरमध्ये, मध्ये कितीतरी दिवस आणि कितीतरी मैल, पण ट्रे एका थेंबाने हलत नाही. हे कळल्यावर आम्ही प्रत्येक जिन्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागलो.

आता माणसं. आईंनी सगळ्यांना आपापली नावं पाडली होती, बटलर कार्सन म्हणजे "कारभारी", मालकाची म्हातारी आई, काउंटेस व्हायोलेट म्हणजे "आत्याबाई", हाउसकीपर "ह्यूजबाई", आणि स्वयंपाकीण "पॅटमोरबाई". गंमत म्हणजे हे "बाई" अगदी फिट बसतं, कारण त्या काळच्या मोठ्या घरांत हाउसकीपर आणि स्वयंपाकीण लग्न झालेल्या नसल्या तरी त्यांना मानाने मिसेसच म्हणायचे.

ह्यूजबाई आणि कारभारी ह्यांच्याबद्दल लिहायला बसले तर पूर्ण रिव्ह्यू त्यातच संपेल. पहिल्या सिझनमध्ये एक शेतकरी येतो, ज्याने पूर्वी तिला मागणी घातली होती आणि तिने नोकरीसाठी नाही म्हटलं होतं, आता त्याची बायको वारलीय आणि तो परत विचारतोय. ती नवा ड्रेस घालून जत्रेत त्याला भेटायला जाते, हसते, बोलते, आणि परत नाही म्हणून येते. मोठी रडारड नाही, काही नाही. ती आता ती तरुण मुलगी राहिलेली नाही एवढंच तिला कळलेलं असतं. आणि मग तिसऱ्या सिझनमध्ये तिच्या छातीत गाठ निघते. हा ट्रॅक मी लेखकाचा सगळ्यात उत्तम मानते, कारण दोन-तीन एपिसोड फक्त वाट बघणं आहे. पॅटमोरबाई तिच्यासोबत डॉक्टरकडे जाते, बाहेर येऊन दोघी काही न झाल्यासारखं कामाला लागतात, पन्नास जणांचं जेवण, चादरी, हिशोब, सगळं चालूच. कार्सनला कुणकुण लागते आणि हा सहा फुटी कडक माणूस कावराबावरा होतो, तिला जरा आराम करा म्हणून सांगतो पण का ते बोलत नाही. शेवटी रिपोर्ट येतो, गाठ साधी आहे. आणि मग ह्यूजबाई कॉरिडॉरमधून जाताना ऐकते की कारभारी चांदीची भांडी पुसता पुसता गाणं म्हणतोय. जो माणूस वरच्या साहेबांसमोर कधी खोकत नाही तो एकटा बसून गातोय, आणि ती बाहेर थांबून नुसती हसते. आईंनी स्वतःहून रिमोट मागितला आणि तो सीन परत लावायला सांगितला.

कार्सन तसा मला पहिल्यांदा बघताना आवडला नव्हता, नव्याला विरोध, मालकांपेक्षा जास्त मालकांची इभ्रत जपणारा. पण घरात पहिल्यांदा टेलिफोन बसतो तेव्हा तो एकटाच खोलीत उभा राहून रिसिव्हर कसा उचलायचा आणि काय बोलायचं ह्याची तालीम करतो बघा. तो चुकायला घाबरतो, कारण तरुणपणी तो नाटक-तमाशाच्या फडासारख्या एका गाणाऱ्या जोडीत होता आणि ते दिवस त्याला लपवायचे असतात. लग्न झाल्यावर सहाव्या सिझनमध्ये तो बायकोच्या स्वयंपाकात खोट काढायला लागतो, हे असं नाही, ते तसं नाही, पॅटमोरबाईचं कसं असतं. तेव्हा ह्यूजबाई भांडत नाही, हाताला पट्टी बांधून सांगते की मनगट दुखतंय, आज तुम्हीच करा. आणि कारभारी सगळं जेवण करून, वाढून, दमून खुर्चीतच डुलक्या घेतो. आमच्या घरात ह्या सीनला जो हशा झाला तो ऐकून सासरे पण आतल्या खोलीतून बाहेर येऊन बसले आणि मग पुढचे सगळे एपिसोड त्यांनीही बघितले.

त्या दोघांचा समुद्रावरचा सीन, चौथ्या सिझनच्या शेवटी, कार्सन पँट दुमडून पाण्यात उभा आहे आणि घाबरतोय, आणि ती हात पुढे करते की आधार हवा असेल तर धरा. त्यावर मी अजून काही लिहित नाही, तो बघायचाच आहे.

पॅटमोरबाईचं मात्र आमच्या घरात वेगळं झालं. पहिल्याच सिझनमध्ये तिला दिसेनासं होत चाललेलं असतं आणि ती ते लपवत असते, चिडचिड करते, हाताखालच्या डेझीवर खेकसते, आणि एका मोठ्या जेवणाला गोडाच्या पदार्थावर साखरेऐवजी मीठ घालून पाठवते. सगळ्यांसमोर ते थुंकलं जातं. खाली ती रडते तेव्हा तिला नोकरी जायची भीती नाही वाटत एवढीच, तिला भीती आहे की मी ज्या एका गोष्टीत पक्की आहे तीच माझ्याकडून गेली. पुढे मालक तिला लंडनला पाठवून डोळ्याचं ऑपरेशन करून आणतात. तो एपिसोड संपल्यावर आई काळा चष्मा लावून तशाच बसून राहिल्या आणि मग म्हणाल्या की गेलं वर्षभर मी पेपर नुसता हातात धरून बसायचे, मथळे सोडले तर काही दिसत नव्हतं, पण तुम्हाला सांगितलं नाही. मला एकदम भरून आलं. आम्ही सगळे त्याच घरात, रोज सकाळी पेपर त्यांच्या हातात बघणारे, आणि कुणालाच कळलं नाही.

आणि ह्याच बाईचा तो भाचा, आर्ची. युद्धात भेदरला म्हणून त्याच्याच सैन्याने त्याला गोळी घातली. पाचव्या सिझनमध्ये गावात युद्धस्मारक उभं राहतं आणि तिला वाटतं की त्याचंही नाव कुठेतरी असावं, पण असल्या शिपायाचं नाव स्मारकावर कोण घालणार. कार्सन त्या समितीचा अध्यक्ष आहे आणि त्याचा नियम म्हणजे नियम. शेवटी लॉर्ड ग्रँथम स्मारकावर नाही तर बाजूच्या भिंतीवर आर्चीच्या नावाची वेगळी पाटी लावतात. मी पॉज करून आईंना सांगितलं की ब्रिटिश सरकारने अशा गोळी घातलेल्या 306 शिपायांना माफी दिली ती 2006 मध्ये, म्हणजे खऱ्या जगातल्या मावश्या आणि आया तोवर कधीच गेलेल्या होत्या. इतिहासाच्या बाई आहेत त्या, त्यांनी आकडा दोनदा विचारला आणि डायरीत लिहून ठेवला.

आत्याबाईंबद्दल सगळं जगच बोलतं, ते काम करणाऱ्या मॅगी स्मिथ यांना त्यासाठी तीन एमी पुरस्कार मिळाले. त्यांची ती वाक्यं, तो वीकेंड म्हणजे काय असतं असा खराखुरा प्रश्न (ज्यांनी जन्मात नोकरी केली नाही त्यांना शनिवार आणि मंगळवार सारखाच ना), हे सगळं आहेच. पण मला त्या बोलत नाहीत तेव्हाच्या आत्याबाई जास्त आवडतात. सिबिल, धाकटी नात, बाळंतपणात जाते. गावचा डॉक्टर क्लार्कसन सांगत असतो की लक्षणं बरी नाहीत, हॉस्पिटलमध्ये न्या, पण लंडनहून आणलेला बडा डॉक्टर ऐकत नाही आणि वडील त्याच्या बाजूने जातात. दुसऱ्या दिवशी आत्याबाई काळे कपडे घालून त्या मोठ्या हॉलमधून चालत जातात, कॅमेरा मागून, चेहरा दिसतच नाही, फक्त पाठ, काठी, आणि ती चाल जी आदल्या एपिसोडपर्यंत ताठ होती. बस्स, एवढंच. रडण्याचे दहा सीन टाकले असते तरी हे आलं नसतं. आणि मग त्यांच्यातली व्यवहारी बाई जागी होते, मुलगा आणि सून एकमेकांशी बोलेनासे झालेत हे बघून त्या डॉक्टरला गाठतात आणि त्याला पटवतात की ऑपरेशन केलं असतं तरी ती वाचण्याची शक्यता फार कमी होती असं सांग. घर टिकवायला माणसं काय काय करतात.

सिबिल तशी तीन सिझनच आहे पण तिचं एक काम पुढपर्यंत राहतं. ग्वेन नावाच्या मोलकरणीला सेक्रेटरी व्हायचं असतं, ती लपूनछपून टायपिंग शिकत असते, आणि सिबिल तिच्यासाठी अर्ज पाठवते, घोडागाडीतून इंटरव्ह्यूला नेते. सहाव्या सिझनमध्ये तीच ग्वेन त्याच घरात पाहुणी म्हणून टेबलावर जेवायला बसते आणि वरच्यांपैकी कुणाला ती ओळखूच येत नाही. इतकी वर्षं जिने त्यांच्या शेगड्या पेटवल्या तिचा चेहरा कुणी बघितलेला नसतो! हे फार लागलं मला.

ईडिथ. मधली मुलगी. पहिल्या सिझनमध्ये तिने मेरीबद्दल तुर्की वकिलातीत पत्र पाठवून जो नीचपणा केला तो मी विसरलेले नाही, पण पुढे तिच्या नशिबी काय काय येतं. भर चर्चमध्ये नवरा लग्न मोडून निघून जातो. जो संपादक तिच्यावर खरंच प्रेम करतो तो म्युनिकमध्ये नाझी गुंडांच्या हाती मारला जातो. त्याच्यापासूनची मुलगी तिला स्वतःची म्हणता येत नाही. आणि मग त्याचं मासिक तिच्याकडे येतं आणि एका रात्री तिथला आताचा संपादक निघून जातो तेव्हा ती ऑफिसात बाह्या सरसावून पहाटेपर्यंत अंक पुरा करते. मी स्वतः एका छोट्या प्रिंटिंग प्रेसमध्ये काही वर्षं काम केलंय, अंक सुटायच्या आदल्या रात्रीचा तो थकवा आणि ती नशा दोन्ही मला माहीत आहे, आणि ईडिथच्या चेहऱ्यावर त्या रात्री तेच होतं. त्या बाईला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी विचारत होतं की आता काय करायचं सांगा.

पण इथेच माझी मोठी तक्रार आहे. ईडिथची मुलगी मॅरिगोल्ड ज्या शेतकऱ्याच्या घरी वाढते त्या ड्र्यू कुटुंबावर झालेला अन्याय सिरियलने नीट मान्यच केला नाही. मिसेस ड्र्यूने त्या पोरीला पोटच्या मुलीसारखं वाढवलं, तिला खरं काय ते सांगितलंही नव्हतं, आणि एक दिवस मोठ्या घरची बाई येऊन पोर उचलून नेते. वर त्या बाईलाच वेडसर ठरवतात आणि शेवटी त्या कुटुंबाला पिढ्यान्‌पिढ्यांची शेती सोडून जावं लागतं. यशोदेचं दुःख आहे हे, आणि लेखक ते घाईघाईत पुढे ढकलतो. आई ह्या ट्रॅकवर इतक्या चिडल्या की दोन दिवस पुढचा भाग लावू दिला नाही.

तक्रारी चालू आहेत तर उरलेल्या पण सांगते. मालकाचा खास नोकर बेट्स आणि त्याची बायको, मोलकरीण ॲना, दोघं फार गोड, पण एकदा हा जेलमध्ये, मग ती जेलमध्ये, खुनाचा संशय, पुरावे, परत संशय, हे लांबवून लांबवून त्यातला जीव घालवला. ॲनावर चौथ्या सिझनमध्ये जो अत्याचार होतो तो भाग जोआन फ्रॉगॅटने कसा केलाय हे सांगायला शब्द नाहीत, वर सगळे गाणं ऐकत बसलेत आणि खाली ती एकटी, पण नंतर ती गोष्ट ॲनाची राहतच नाही, खून कुणी केला ह्याची होते. युद्धात निकामी झालेले मॅथ्यूचे पाय अचानक बरे होणं हेही मला पटलं नाही. आणि आपला देश ह्या गोष्टीत येतो तो कसा, तर ह्यांच्या नात्यातल्या रोझचे वडील, लॉर्ड फ्लिंटशायर, त्यांची स्कॉटलंडची इस्टेट कर्जात बुडते म्हणून त्यांची रवानगी मुंबईला होते आणि बायको नाक मुरडते. 1921 ची मुंबई, कितीतरी चाललं होतं तेव्हा तिथे. इतिहास शिकवलेल्या बाई शेजारी बसल्या असताना हा सीन आला, तर तो एपिसोड त्या रात्री पुढे गेलाच नाही, असहकाराची चळवळ आणि प्रिन्स ऑफ वेल्स नोव्हेंबरमध्ये मुंबईत उतरला तेव्हा उसळलेली दंगल, हे सगळं ऐकून मगच झोपलो.

फूटमन थॉमस बॅरो बद्दल मत बनवायला मला दुसऱ्यांदा बघावं लागलं. चोरी करतो, कागाळ्या करतो, युद्धाच्या खंदकातून सुटायला रात्री पेटतं लायटर हातात वर धरतो आणि मुद्दाम हाताला गोळी लागू देतो. पण तो समलिंगी आहे आणि त्या काळी तिथे तो गुन्हा होता, 1967 पर्यंत होता. आपल्याकडचं 377 कलम पण त्याच राजवटीत 1860 साली केलेलं आणि आपल्याकडे हा गुन्हा नाही असं ठरायला 2018 उजाडलं. पाचव्या सिझनमध्ये तो स्वतःला "बरं" करायला कसली कसली इंजेक्शनं टोचून घेतो आणि आजारी पडतो, सहाव्यात नोकरी जायची वेळ येते तेव्हा जीव द्यायला निघतो. लहान मुलांशी खेळताना तेवढा तो माणसात असतो, कारण त्यांना त्याच्याबद्दल काही माहीत नसतं. आई थॉमसबद्दल पहिले चार सिझन "मेला" सोडून बोलल्या नाहीत. बाथटबच्या सीननंतर मात्र त्यांनी मला विचारलं, "त्याच्याशी कुणी बोलायला नको होतं का गं आधी?" शेवटच्या एपिसोडमध्ये कार्सनचा हात थरथरायला लागतो, वाइन ओतता येत नाही, आणि थॉमस बटलर होऊन परत येतो. मला हा शेवट योग्य वाटला.

आणि आता माझा सगळ्यात लाडका, मोल्स्ली. त्याला मी मुद्दाम शेवटी ठेवलाय. पहिल्यांदा बघताना हा माणूस मला नुसता विनोदी वाटला होता, पडणारा, धडपडणारा. तो मॅथ्यूच्या घरी बटलर म्हणून लागतो आणि मॅथ्यूला स्वतःचे कपडे स्वतः घालायची सवय, त्यामुळे मोल्स्ली नुसता कोपऱ्यात उभा. एखाद्याला पगार मिळतोय पण काम नाही, ह्यात किती अपमान आहे ते त्याच्या उभं राहण्यात दिसतं. मग मॅथ्यूला उमजतं आणि तो त्याला कफलिंक्स निवडायला सांगतो. केविन डॉयल ह्या नटाने त्या दोन सेकंदात जे केलंय ना, खांदे सरळ होतात, हात पुढे येतो, जणू कुणीतरी दिवा लावला. त्याच पहिल्या सिझनमध्ये फुलांच्या प्रदर्शनात दरवर्षी आत्याबाईच बक्षीस घेतात, आणि मोल्स्लीच्या म्हाताऱ्या वडिलांचे गुलाब खरे सगळ्यात सुंदर असतात. आत्याबाई पाकीट उघडतात, त्यात स्वतःचं नाव असतं, आणि त्या वाचतात म्हाताऱ्या मोल्स्लीचं. बापलेकांचे चेहरे बघा तेव्हा.

मॅथ्यू गाडीच्या अपघातात जातो आणि मोल्स्लीची नोकरी जाते. रस्त्यावर डांबर टाकायचं काम करतो तो, बेट्सला दिसतो तेव्हा मान खाली. बेट्स त्याला पैसे देतो पण मदत म्हणून नाही, जुनं देणं फेडतोय असं भासवून. मग बटलर राहिलेला हा माणूस फूटमन म्हणून खालच्या पदावर परत येतो, पोरांच्या रांगेत हातमोजे घालून उभा राहतो, तरुण दिसावं म्हणून केस काळे करतो आणि ते भलतेच काळेकुट्ट दिसतात. पण ह्याच माणसाने आयुष्यभर पुस्तकं वाचलेली असतात. लहानपणी शाळा सोडावी लागली पण वाचणं सोडलं नाही. डेझीला परीक्षेसाठी मदत करता करता गावच्या शाळामास्तरांच्या लक्षात येतं, ते त्याची एक परीक्षा घेतात आणि निघतं काय तर ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या बऱ्याच पदवीधरांपेक्षा ह्याला जास्त येतं.

पहिला तास मात्र फसतो. मुलं दंगा करतात, कुणी ऐकत नाही, त्याचा आवाज बारीक होत जातो. आई इथे पुढे सरकून बसल्या. मी पॉज करायला गेले तर म्हणाल्या थांबवू नकोस. पुढच्या तासाला तो मुलांना सरळ सांगतो की मी नोकर आहे, मोठ्या घरात काम करतो, शिकायचं होतं पण जमलं नाही, आणि म्हणून मला हे तुमच्यापर्यंत पोचवायचंय. वर्ग गप्प होतो. एक हात वर होतो. आई म्हणाल्या, "माझा पहिला तास असाच गेला होता. आठवी ब. मी घरी येऊन चुलीपुढे रडले होते आणि दुसऱ्या दिवशी जायचं नाही म्हणत होते." 41 वर्षांत ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती, सासऱ्यांनाही माहीत नव्हती, ते बघतच राहिले.

कपडे, गाड्या, जॉन लन यांचं ते सुरुवातीचं म्युझिक, 1912 च्या कॉर्सेटपासून 1925 च्या बॉबकटपर्यंत बदलत जाणारी फॅशन, हे सगळं उत्तम आहे, त्याबद्दल वेगळं सांगायला नको. माझ्याकडून पाचातले साडेचार, अर्धा मिसेस ड्र्यूसाठी कापलाय. एवढंच सुचवेन की दिवसाला एकच भाग बघा, आणि शक्य असेल तर घरातल्या मोठ्या माणसांसोबत बघा.

सिरियलनंतर तीन सिनेमे आलेत, 2019, 2022 आणि 2025 साली. पहिला आम्ही सगळ्यांनी मिळून बघितला, राजा-राणी जेवायला येतात आणि मोल्स्ली सुटीचे दोन दिवस परत फूटमनचा कोट चढवून येतो आणि भर जेवणात मध्येच बोलून बसतो तो. दुसरा मी एकटीने बघितलाय, कारण त्यात आत्याबाई जातात. मॅगी स्मिथ स्वतः सप्टेंबर 2024 मध्ये गेल्या हे आईंनी पेपरात वाचलं होतं, पण सिनेमाचं मी सांगितलं तेव्हा त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मग तो आत्ता नको लावूस. पहिला सिझन परत लाव, डोळा आता स्वच्छ दिसतोय, गुलाबांचा रंग बघायचाय मला."